हरतालिकेची उडी

नवं कोणी मैदानात आलं, की सर त्याच्या बोटांना खडू फासत आणि भिंतीकडे हात करत. "मार उडी. भिंत सांगते तू कोण आहेस ते."

बोटं उंच उमटली, तर स्नायूंचे धागे चपळ. तो शंभर-दोनशे मीटरचा. खाली उमटली, तर धागे सावकाश पण न थकणारे; तो पाच हजारांचा. सर रेल्वेत कारकून, स्वतःचं पोट चांगलं सुटलेलं, पण तुमचे-आमचे धागे त्यांना कपड्यांसकट दिसत. एका लग्नात नवरदेवाला न्याहाळून म्हणाले, "लांबचा आहे. टिकते." मुलीच्या आईचा जीव भांड्यात पडला.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं, तेव्हा मी त्यांच्याकडे गेले. माझी बोटं खालीच उमटली. "लांबची," सर म्हणाले आणि विषय संपला.

वर्षभर मी भनपुरीच्या रस्त्यावर ट्रक चुकवत पळाले. शेजारी सायकलवर सर, अखंड बोलत. साहेबाच्या तक्रारी, वांग्याच्या भाजीत काय कमी पडलं, सगळं. "तू श्वास सांभाळ, बोलाचं मी पाहतो."

नव्या राज्याच्या पहिल्या संघाची निवड आठ दिवसांवर आली. आई मैदानात डबा द्यायला आली आणि सहज बोलून गेली, "मागल्या हरतालिकेले तर पोट्टी निर्जळ राहूनच तुमच्याकडे उडी मारून आली होती."

सरांचा चेहरा उतरला. उपाशीपोटी मैदानात यायचं नाही, हा त्यांचा नियम. "काहून नाही सांगितलं मले?"

"तुम्ही घरी धाडलं असतं, सर," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा उडी मारायला लावली. बोटं वीतभर वर उमटली.

मग दोनशे मीटरची घाईघाईची तयारी. निवडीत मी चौथी आले. घेतल्या तिघी.

संध्याकाळी सर घरी आले. चहाला शिवले नाहीत. आईला म्हणाले, "ताई, पोरीचं वर्ष मी वाया घालवलं. चूक माझी आहे."

पुढे त्यांची बदली झाली. आता ते नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते. माझे धागे चपळ आहेत, हे मला पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं. शाळेत खो-खोत मला कोणी शिवू शकत नसे. पण चपळ पोरांसाठी सर नुसती शिट्टी वाजवत. सोबत यायचे ते लांबच्यांच्या. बाबा नोकरीपायी सदा बाहेरगावी. माझ्याशी इतका वेळ दुसरं कोणी बोलत नव्हतं. ते वर्ष मला फार आवडलं होतं.

त्या संध्याकाळी एवढं म्हणता आलं असतं. मी आतल्या खोलीत रडत बसले, आणि सर समजले, पोरगी आपल्यावर रागावली.