विहिणीचं स्टेटस

दुसऱ्याचं स्टेटस आपल्याला पुसता येत नाही, हे गिताबाईंना पटवायला माझी अर्धी सकाळ गेली. भांडगावात हायवेच्या कडेला आमचं मोबाइलचं दुकान आहे. पूर्वी तिथं अब्बांचा फोटो स्टुडिओ होता. आता मी रिचार्ज मारते, फुटलेल्या काचा बदलते आणि गावातल्या बायकांची भांडणं ऐकते. भांडणंही हल्ली मोबाइलमधूनच येतात, त्यामुळे ती ऐकणं धंद्यातच धरते मी.

त्या दिवशी गिताबाईंनी फोन काउंटरवर आदळला. त्यांच्या सुनेनं, अंकितानं, सकाळीच स्टेटस ठेवलं होतं. अंकिताची आई सारिकाबाई, तळेगाव ढमढेऱ्याला असतात. नऊ फेब्रुवारी, त्यांचा वाढदिवस. एकामागून एक तीन फोटो, मागे गाणं आणि खाली लिहिलेलं, 'माझी आई, माझं सगळं काही'.

मी म्हटलं, मावशी, उद्या सकाळपर्यंत आपोआप जाईल.

"गावानं बघितल्यावर गेलं काय आन् ऱ्हायलं काय," त्या म्हणाल्या. "सगळं काही ती. मंग मी कोण?"

गिताबाईंचे सासरे मेंढरं घेऊन मुलखभर हिंडायचे. आता मेंढरं गेली. घरचा ऊस पाटसच्या कारखान्याला जातो आणि गोठ्यात चार शेळ्या आहेत. शेजारणीनं फ्रीज घेतला, कुणी पाटल्या केल्या, याचं गिताबाईंना काही नसतं. त्यांच्या पोटात दुखतं ते माणसांवरून. एका भाऊबीजेला भाऊ आधी धाकट्या बहिणीकडे गेला, तर शिमग्यापर्यंत त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. अंकिता घरात आल्यापासून तर तिच्यावर यांचा असा जीव, की पहिला चहा सुनेला, दुधावरची साय सुनेला. तिच्या डोक्याला तेलसुद्धा याच घालून देत. आणि ती पोरगी यांना 'आत्या' म्हणायची. आमच्याकडे सगळ्याच सुना सासूला आत्या म्हणतात, त्यात नवीन काही नाही. पण त्या स्टेटसनंतर तो शब्दही गिताबाईंना टोचायला लागला.

"माझा वाढदिवस कवा येतो गं?" त्यांनी मला विचारलं.

आधार कार्डावर होता एक जानेवारी. ज्यांना जन्मतारीख ठाऊक नाही अशा आमच्या गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा तोच आहे. गिताबाईंचे मालक हरिबामामा, त्यांचाही तोच. तरी बाईंनी वर्षभर त्या तारखेची वाट पाहिली. एक जानेवारीला अंकितानं स्टेटस ठेवलं, नाही असं नाही. एकच फोटो, सासूसासऱ्यांचा मिळून, तोही कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापलेला. गिताबाईंच्या खांद्यावर कुणा तिसऱ्याच बाईचं कोपर राहून गेलेलं. खाली लिहिलं होतं, 'वाढदिवसाच्या आणि नवीन वर्षाच्या हार्दिक शुभेच्छा'. त्या दिवशी स्टेटसवर जिकडे बघावं तिकडे म्हातारे आणि फुलांचे गुच्छ. त्यात या कुठं गेल्या ते मलाही शोधून काढावं लागलं.

"तिच्या आईला तीन आन् मला अर्धा," गिताबाई म्हणाल्या. त्या नुसत्या जळत होत्या, आणि ते लपवायचं त्यांना सुचतही नव्हतं.

मग त्या माहेरी जाऊन आपल्या म्हाताऱ्या आईला, अनसाबाईंना, विचारून आल्या. अनसाबाईंनी सांगितलं, मेंढरं माघारी येत होती तेव्हा वाटेत झालीस. तारीख कुणी बघितली? पण आठवड्याभरात गिताबाई दुकानात आल्या आणि सहज बोलावं तसं बोलल्या, की आईला आठवलं, आठ फेब्रुवारी. अनसाबाईंना सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. आठ म्हणजे विहिणीच्या बरोबर एक दिवस आधी. सगळं माझ्या लक्षात आलं आणि मी मूग गिळून गप्प बसले, कारण पुढं काय होतंय ते मलाही बघायचं होतं.

डाव अंगलटच आला. अंकिता बिचारी भोळी, तिला आनंद झाला. आत्या आठला, आई नऊला, मग आईलाच इकडे बोलावते आणि मिळून एकच केक आणू, असं तिनं ठरवूनही टाकलं. विहिणीच्या पुढं नंबर लावायला गेलेल्या गिताबाईंच्या घरात आता विहीणच येऊन बसणार होती. त्यांनी केकला नाकं मुरडली, आम्हा माळकऱ्यांना अंड्याचं चालत नाही म्हणाल्या. अंकितानं बिनअंड्याचा सांगितला.

आठ तारखेला दुपारी सारिकाबाई आल्या. चौफुल्यापर्यंत जीपनं आणि पुढं मिळेल त्या गाडीनं. हातात पिशवी, पिशवीत विहिणीला साडी. फोटो काढायला मला बोलावलं होतं. केकवर दोघींची नावं होती, आणि कुणाचं वर आहे ते गिताबाईंनी आधी मला वाचायला लावलं. त्यांचं वर होतं. अंकितानं पहिला घासही त्यांनाच भरवला. त्यांनी तो इतका सावकाश खाल्ला, की मला तीन फोटो मिळाले. सारिकाबाई शेजारी हसत उभ्या होत्या, फोटोत हसतात तशा.

नंतर अंकिता बशा भरायला आत गेली. आम्ही ओसरीवर बसलो. सारिकाबाईंनी आपला फोन माझ्यापुढे केला. तो सारखा अडकतोय, जागा भरलीय म्हणतोय, जरा बघ म्हणाल्या. मी उघडला. व्हिडिओंनी गच्च भरलेला होता, आणि सगळे अंकितानं पाठवलेले. पहिला लावला. गोठ्यात गिताबाई शेळीला पोटच्या पोरीसारखं बोलत होत्या, दुसऱ्याच्या रानात तोंड घालायला लाज वाटत नाही का म्हणून. दुसऱ्यात गिताबाई भाकरी थापत होत्या. तिसऱ्यात गिताबाई हरिबामामांना टीव्हीचा आवाज कमी करायला सांगत होत्या, स्वतः त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडून.

गिताबाई वाकून बघायला लागल्या. आधी चिडल्या, कारण फोटो काढलेला त्यांना खपत नाही, निदान अंगावर घरातलं लुगडं असताना तरी. मग हळूहळू त्यांचा चेहरा उजळत गेला. सगळीकडे त्याच होत्या. गेल्या वर्षभरात अंकितानं आईला दुसरं काही पाठवलेलंच दिसत नव्हतं. त्यांनी विहिणीकडे अशी नजर टाकली, की निवडणूक जिंकलेला माणूसही जरा लाजला असता.

मी विचारलं, यातले थोडे काढू का, जागा होईल.

सारिकाबाईंनी फोन माझ्या हातातून ओढूनच घेतला. "न्हाई, ह्यातलं एकबी काढू नगंस."

"एवढी हौस हाय व्हय माझं तोंड बघायची?" गिताबाई म्हणाल्या.

सारिकाबाईंनी दाराकडे एकदा बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "खरं सांगू विहीणबाई? मला राग येतो तुमचा. तुम्हाला आवडत न्हाई म्हणून ती हे स्टेटसला लावत न्हाई, मला पाठवती. रोज तुमचंच. फोनवर बोलली तरी आत्या असं म्हणल्या आन् आत्या तसं म्हणल्या. तुमचं तोंड बघाया न्हाई ठिवलं मी. फोन तिच्या हातात असतो, म्हणून ती कशातच दिसत न्हाई. मागनं हसती तेवढी ऐकू येती. त्यासाठी ठिवलंय."

आणि त्यांनी शेळीचा व्हिडिओ पुन्हा लावला. खरंच, मागे कुणीतरी तोंडावर हात दाबून हसत होतं. मघाशी आम्हा दोघींनाही ते ऐकू आलं नव्हतं.

अंकिता केकच्या बशा घेऊन बाहेर आली. गिताबाईंनी आपली बशी घेतली आणि त्यातला केक काही खाल्ला नाही. संध्याकाळी सारिकाबाई परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी, नऊ तारखेला, मी शटर वर करते न करते तोच गिताबाई हजर. फोन पुढं केला. त्यांनी पहिल्यांदाच स्वतः व्हिडिओ काढला होता. निम्म्या पडद्यावर त्यांचा अंगठा आणि उरलेल्या निम्म्यात अंकिता, ओले केस पाठीवर सोडून अंगणात रांगोळी काढत बसलेली. "आत्या, काय करताय, ठेवा की तो फोन," असं म्हणून ती सरळ समोर बघून हसली. मागून गिताबाईंचा आवाज आला, "हस, हस. तुझ्या आईला बघू दे."

"स्टेटसला लावू?" मी विचारलं.

"नगं. तिला एकटीला पाठव."

मी पाठवला. दोन रेघा निळ्या झाल्या. गिताबाई स्टुलावरून उठेनात. उत्तर काही येत नव्हतं.

"बघितला का?"

"बघितला, मावशी."

"मंग बोलंना का?"

"परत परत बघत असतील," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा जरासा उतरला. पदर सारखा करून त्या उठल्या आणि पायरीवर जाऊन थांबल्या.

"किती बारी बघितला ते कळतं का गं ह्याच्यात?"

"नाही कळत," मी म्हटलं.

"बरं हाय," त्या म्हणाल्या आणि घराकडे गेल्या.