परक्याच्या हातचं बिस्किट

कुलूपरावांना बोलताना ऐकलेली माणसं थोडी. वाजताना ऐकलेली पुष्कळ. सायकलींच्या सुट्या भागांच्या एका मोठ्या गोदामावर त्यांनी उभा जन्म रखवालदारी केली, आणि कमरेच्या पट्ट्याला अडकवलेला त्यांचा किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या चार पावलं आधी कानावर यायचा. तो आवाज आला की हमाल सिगारेटी विझवत. 'कुलूपराव' हे नाव त्या हमालांनीच ठेवलं. ते जुडग्यावरून ठेवलं की तोंडावरून, यावर गोदामात शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

त्यांच्या कुत्र्याचं नाव मॅनेजर. हीसुद्धा हमालांचीच करामत. दिवसभर ऑफिसच्या दारात आडवं पडून राहायचं, येणाऱ्याजाणाऱ्याकडे एक डोळा उघडून बघायचं आणि कामाला हात लावायचा नाही, एवढ्यावरून हे नाव पडलं. फरक इतकाच, की हा मॅनेजर कुणाकडून काही घेत नसे.

त्याला कारण होतं. त्याच्या आधी गोदामावर एक कुत्री होती. तिला कुणीतरी कुंपणावरून मटणाचा तुकडा टाकला आणि सकाळी ती फाटकाशी ताठ झालेली सापडली. चोरीला गेल्या त्या चेन आणि पेडलांच्या काही पेट्या. मालकाने त्यांची फारशी फिकीर केली नाही. कुलूपरावांनी मात्र कुत्रीचं मनाला लावून घेतलं. पुढे काळं, रुंद छातीचं, एक कान मोडलेलं पिल्लू आलं, तेव्हा त्यांनी त्याला एकच विद्या शिकवली: परक्याच्या हातचं खायचं नाही. ऊठ, बस, हात दे, असले प्रकार त्यांना थिल्लर वाटत. ही एक विद्या मात्र मॅनेजरच्या अंगी अशी भिनली, की ती शिकवली कशी हे कुलूपराव स्वतःही विसरून गेले.

आता गोदाम पाडून झालं होतं. बायको जाऊन बरीच वर्षं लोटली होती. मुलगी समुद्रापलीकडे राहत होती आणि दर फोनला म्हणत होती, "बाबा, आता कायमचे इकडेच या." कुलूपरावांचं उत्तर ठरलेलं होतं: तो नाही तर मी नाही. विमानाच्या पोटात त्याला ठेवायला जनावरांच्या डॉक्टरांनी साफ मनाई केली होती. म्हाताऱ्या कुत्र्याचं काळीज तेवढं सोसणार नाही म्हणाले. राहिलं जहाज. ते देशाच्या दुसऱ्या टोकाच्या बंदरावरून सुटायचं.

जहाज कंपनीच्या बाईंनी फोनवर सगळं गोडीत सांगितलं. वरच्या डेकवर कुत्र्यांसाठी खोली आहे, सांभाळायला माणूस आहे, दिवसातून एकदा भेटता येतं. "फक्त एक आहे," त्या म्हणाल्या. "धक्क्यावर आमचा माणूस त्याला स्वतःच्या हाताने बिस्किट देऊन बघतो. खाल्लं तर घेतो, नाही तर नाही. मागे एक कुत्रं अख्खा प्रवास उपाशी राहिलं होतं, तेव्हापासून हे सुरू झालं."

कुलूपरावांनी फोन ठेवला आणि शेजारी बसलेल्या थोरल्या बहिणीला म्हणाले, "संपलं."

ताई मोटार ड्रायव्हिंग शिकवायची. गावातली निम्मी माणसं तिच्या हाताखालून रस्त्यावर आली होती आणि उरलेली निम्मी त्यांच्यापासून जपून चालत होती. ती म्हणाली, "संपलं काय त्यात? बंदरापर्यंत आठवडाभराचा रस्ता आहे. वाटेत परक्या माणसांना काय तोटा? जिथे थांबू तिथे एकेकाला धरायचं आणि याला खाऊ घालायला लावायचं. मी लोकांना चढावर गाडी मागे घ्यायला शिकवलंय. याला बिस्किट खायला शिकवता येणार नाही?"

"तो काही लोक नाहीये, ताई."

"म्हणूनच सोपं. उलटून बोलणार नाही."

या बोलण्यात थोडा तिचाही स्वार्थ होता. मॅनेजर तिच्याही हातचं खात नसे, आणि ते तिला वर्षानुवर्षं लागून राहिलं होतं.

निघाले ते ताईच्याच गाडीतून. शिकवण्याची गाडी, म्हणजे शिक्षकाच्या पायाखाली दुसरा ब्रेक आणि टपावर 'शिकाऊ' अशी पाटी. चालवायला कुलूपराव, शेजारच्या सीटवर ताई. इतकी वर्षं त्याच सीटवर बसून तिला आता स्टिअरिंगमागे बसायची सवयच राहिली नव्हती. मागच्या सीटवर मॅनेजर. पाटी काढायला दोघंही विसरली, आणि मग लक्षात आलं की मोठमोठे ट्रकसुद्धा आपल्याला वाट देऊन लांबून जातात. तेव्हा ताई म्हणाली, "राहू दे. इतका मान या वयात दुसऱ्या कशाने मिळणार नाही."

पहिली परकी भेटली ती पेट्रोल पंपावर. नळी धरणारी धट्टीकट्टी पोरगी. ताईने तिला सगळी कहाणी सांगितली तेव्हा तिने हात पुसले, उकिडवी बसली आणि बिस्किट पुढे करून म्हणाली, "घे रे राजा." मॅनेजरने तोंड फिरवलं आणि हवेच्या पंपाकडे बघत बसला.

"याचं काय बिनसलंय?" पोरगी म्हणाली.

"तो तत्त्वाचा आहे," कुलूपराव म्हणाले. त्यांच्या आवाजात जी काळजी असायला हवी होती तिच्यात थोडा अभिमान मिसळला गेला, हे ताईने ऐकलं.

पुढे पंक्चरवाला भेटला. त्याने या प्रश्नात जातीने लक्ष घातलं. कुत्र्याला विषाची शंका येत असणार, असं त्याचं निदान होतं. म्हणून त्याने आधी स्वतः एक बिस्किट खाऊन दाखवलं. मग दुसरं. मॅनेजर कुतूहलाने बघत राहिला. पुडा अर्धा संपला तेव्हा पंक्चरवाला म्हणाला, "नाही बुवा, याला भूकच नाही," आणि उरलेला पुडा प्रामाणिकपणे परत केला.

मग रेल्वे फाटकावरचा फाटकवाला. तो पांढऱ्या मिशांचा, धंद्यातलाच माणूस. गाडी जाईपर्यंत त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि बिस्किट हातातसुद्धा घेतलं नाही. "रखवालीचं कुत्रं आहे हे," तो म्हणाला. "याला बिघडवायचं पाप माझ्या हातून व्हायचं नाही." कुलूपरावांनी खाली उतरून त्याचा हात हातात घेतला. ताईने आतून हॉर्न वाजवला, दोनदा.

खरं तर कुलूपरावांना या प्रवासात वेगळीच गंमत वाटू लागली होती. आयुष्यभर त्यांनी माणसं पाहिली ती फाटकाच्या आतून, आणि प्रत्येकाबद्दल त्यांना एकच प्रश्न पडत आला: याला आत काय पाहिजे? आता तीच माणसं गुडघे टेकून त्यांच्या कुत्र्याची मनधरणी करत होती, आणि प्रत्येकाची तऱ्हा न्यारी. कोणी बोबडं बोले, कोणी हुकूम सोडे, एका वकिलाने तर मुद्दे मांडले. कुलूपराव हे सगळं चवीने बघत. मुलगी रोज फोन करून विचारी, "खाल्लं का त्याने?" आणि उत्तर ऐकून गप्प होई. तिने त्यांच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती. ते गप्प होणं ऐकलं की मात्र कुलूपरावांचा घास तोंडात फिरे.

बंदर एका दिवसावर आलं तेव्हा ते एका लहानशा लॉजवर उतरले. सकाळी अंगणात लॉजवाल्या बाई चादरी वाळत घालत होत्या; ताईने त्यांना रात्रीच सगळी कहाणी सांगून ठेवली होती. कुलूपराव मॅनेजरला घेऊन तिथे जाऊन उभे राहिले. बाई रिकाम्या माणसाला रिकामं ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या. "हे धरा जरा, तार पुसते," म्हणत त्यांनी ओल्या चादरींचा ढीग त्यांच्या दोन्ही हातांवर ठेवला. मग तार पुसून झाल्यावर त्यांनी कठड्यावरच्या ताटलीतून आपल्या न्याहारीचं उकडलेलं अंडं उचललं. "हाच का तो, न खाणारा?" आणि अर्धं अंडं पुढे केलं.

मॅनेजरने अंड्याकडे पाहिलं. मग कुलूपरावांकडे पाहिलं. वाट बघितली. कुलूपराव चादरी सांभाळत उभे. मॅनेजरने आणखी थोडी वाट बघितली आणि अंडं खाल्लं.

गाडीचं दार उघडं टाकून ताई आत चहा पीत बसली होती. कुलूपराव तिच्याकडे गेले आणि घरफोडीची खबर द्यावी तशा आवाजात म्हणाले, "त्याने खाल्लं."

"पाहिलं मी. तू वाजवलं नाहीस."

"काय वाजवलं नाही?"

"जुडगा. कुणी बिस्किट पुढे केलं की तुझा हात कमरेला जातो आणि छन् करून एकदा वाजतं. पंपावर, पंक्चरवाल्याकडे, त्या वकिलापुढे, सगळीकडे. मला वाटायचं, माणूस हलला की वाजणारच. आज तुझे हात अडकलेले होते. वाजलं नाही, तेव्हा कळलं."

"मी असं काही करत नाही."

"शिकाऊ माणूस तोंडाने काय म्हणतो ते मी ऐकत नसते. त्याचे हातपाय बघते."

कुलूपरावांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. कुंपणावर पकडलेल्या माणसाकडे बघावं तसं. आणि मग त्यांना ते आठवलं. पिल्लू असताना त्यांनी त्याला असंच शिकवलं होतं. परक्याचा हात पुढे आला की जुडगा एकदा वाजवायचा, म्हणजे नाही. आता त्याची गरज उरली नाही, कुत्रं शिकलं, असं समजून ते विसरून गेले. हात विसरला नव्हता. कुत्रं कधीचंच दर वेळी परवानगी विचारत होतं आणि ते दर वेळी नाकारत होते.

ताईने चहा खाली ठेवला. "माझ्या वेळीपण वाजवायचास?"

"तू पहिल्यांदा गोदामावर आलीस तेव्हा तो तुला ओळखत नव्हता, ताई."

"आणि नंतर?"

कुलूपराव टपावरची पाटी सरळ करू लागले. "बस गाडीत," ती म्हणाली. "दोन्ही हात स्टिअरिंगवर." आणि मागे वळून तिने मॅनेजरपुढे बिस्किट धरलं. त्याने ते शहाण्यासारखं खाल्लं. मग तिने त्याला आणखी एक दिलं.

बंदरात शिरताना ती म्हणाली, "जुडगा माझ्याकडे दे."

"नको."

"त्यातली एक तरी किल्ली कशाला लागते का आता?"

"नाही."

"मग?"

"असू दे."

धक्क्यावर कुत्र्यांचा माणूस आला. उंच, काटकुळा, आणि निळ्या युनिफॉर्मवर नाना रंगांचे केस. त्याने खिशातून बिस्किट काढलं तेव्हा कुलूपराव म्हणाले, "थांबा." कालपर्यंत जे काय होत होतं ते हात करत होता. आता कळल्यावर जे होईल ते त्यांचं स्वतःचं होतं. एकदा छन् केलं की काम भागत होतं. ताई, गाडी, आपलं घर, सगळं पुन्हा जागच्या जागी. आणि दोष कुणाचाच नाही, कुत्राच तत्त्वाचा. मुलीने पुन्हा फोनवर गप्प व्हायचं, एवढंच.

"तुम्ही झोपता कुठे?" त्यांनी त्या माणसाला विचारलं.

"त्यांच्याच खोलीला लागून. मधलं दार उघडं असतं."

"इतर प्रवासी वर येतात?"

"येतात की. सारखं काहीबाही खायला देत असतात. मोठा ताप आहे तो."

कुलूपराव त्याच्याकडे फाटकाच्या आतून बघावं तसं बघत राहिले. मग त्यांनी पट्ट्याचा हूक काढला आणि जुडगा त्याच्या हातावर ठेवला. "त्याला कुणी परकं काही द्यायला आलं, की हे एकदा वाजवा. एकदाच."

माणसाने जुडगा कमरेला अडकवला. मॅनेजरने किल्ल्या कुठून निघून कुठे गेल्या ते नीट पाहून घेतलं. मग तो उठला, त्या निळ्या युनिफॉर्मशेजारी जाऊन बसला आणि पुढे आलेलं बिस्किट खाल्लं.

"बघ," कुलूपराव म्हणाले. "मला वाटत होतं, तो माझं ऐकतो. तो खुर्चीचं ऐकत होता."

"नावच तसं ठेवलंय," ताई म्हणाली. तिने त्यांच्या शर्टाची कॉलर सारखी केली, जी वाकडी नव्हती. "पोचलास की फोन कर. आणि पोरीच्या हातचं मुकाट्याने खात जा."

जहाज धक्क्यावरून हललं तेव्हा कुलूपराव कठड्याशी उभे होते. खाली बंदराच्या रस्त्यावर टपावर 'शिकाऊ' मिरवणारी एक गाडी अगदी सावकाश, अगदी सरळ रेषेत चालली होती, आणि तिच्यामागे ट्रकांची लांबलचक रांग लागली होती. किती तरी वर्षांनी ताई चालवायला बसली होती. ती वळणाआड होईपर्यंत ते बघत राहिले.

तेवढ्यात वरच्या डेकवर छन् झालं. एकदाच. कुलूपरावांचा हात कमरेला गेला, काही न सापडून परत आला आणि कठडा धरून राहिला.