लाईट येईपर्यंत

माझं माहेर कुणकेश्वरजवळ, सासर कसालला. बाबांच्या मागे आई माहेरच्या घरात एकटी राहते. "माझ्याकडे चल" म्हटलं की तिला नेमके काजू सुकवायचे असतात.

तिच्या सोबतीला बाबांची पेटी आहे. बाबा बोटीवर होते तेव्हा आणलेली. रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकातच, आकार सुटकेसएवढा, झाकणाचे दोन भाग सुटे करून बाजूंना ठेवले की तेच स्पीकर. सेल घालायची जागा गंजून गेली होती, त्यामुळे सगळी मदार विजेवर. आणि आमच्याकडच्या विजेबद्दल न बोललेलंच बरं.

गाणं चालू असताना लाईट गेली की आवाज जाड होत होत रेड्यासारखा हंबरायचा आणि थांबायचा. मी सुई उचलायला धावले की बाबा ओरडायचे, "हात लावू नको. लाईट इली काय थंयसूनच सुरू होतला." मग खुर्चीत वाट बघत बसायचे, अगदी हट्टाने. लाईट आली की तोच आवाज खालून चढत चढत परत माणसात यायचा. लहानपणी मला त्या चढत्या आवाजाची फार भीती वाटे.

गेल्या वर्षी एका दुपारी असंच झालं. लाईट गेली, गाणं थांबलं, बाबा वाट बघत बसले आणि बसल्या बसल्याच गेले. मी पोचले तेव्हा त्यांना ओसरीवर ठेवलं होतं, शेजारणी रडत होत्या. तेवढ्यात लाईट आली. आतून तो आवाज उठला, आधी घोगरा, मग स्वच्छ, आणि एक बाई लाडीगोडीने सजणाला हाका मारू लागली. सगळे गारठले. कुणीतरी बंद करायला उठलं, तर आई म्हणाली, "रवांदे. पुरा होवंदे." रेकॉर्ड संपेपर्यंत कुणी रडलंसुद्धा नाही.

हल्ली शेजारी फोन करू लागले, संध्याकाळी सगळ्या वाडीत लाईट असते, फक्त तुझ्या आईकडे अंधार. मला वाटलं, वायरिंग गेलं असेल. वायरमनला सोबत यायला सांगितलं होतं, तो काही उगवला नाही, म्हणून मी एकटीच गेले.

घरात तेच गाणं चालू होतं. आई मीटरजवळ उभी. गाणं मध्यावर आलं आणि तिने मेन स्विच खाली ओढला. आवाज हंबरत विझला. ती येऊन बाबांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसली.

मी चिडलेच. "आये, ह्या काय करतंस?"

"गप बस," ती खुर्चीकडे बघत म्हणाली. "लाईट येयपर्यंत ते हंयच आसत."

राग कुठच्या कुठे गेला. मी तिच्याजवळ टेकले. अंधारत चाललं होतं. खुर्चीकडे बघायला भीती वाटत होती आणि नजरही हटत नव्हती. खुर्चीत बाबांचा सदरा दिसल्यासारखा वाटला, खोटं कशाला सांगू.

बऱ्याच वेळाने आई म्हणाली, "आता तू लाव गो. माझो हात उठणा नाय."

मी मीटरपाशी गेले, स्विचवर हात ठेवला. मग तशीच परत येऊन तिच्याशेजारी बसले.

"थोड्या येळान लावतंय," मी म्हटलं.