डेल्फीनला सगळं माहीत असतं

अडीच वर्षांनी मुलगा सुधारगृहातून सुटून आला, त्या दिवशी ओफेलियाने सकाळपासून पोझोले, मका-मांसाचं सूप, रटरटत ठेवलं होतं. एलिसेओने वाडग्याभोवती हाताचं कुंपण घालून ते पाच मिनिटांत संपवलं आणि विचारलं, "उठू का?"

एकोणीस वर्षांचा घोडा, स्वतःच्या घरात विचारत होता. समोर बसलेली डेल्फीन सहज म्हणाली, "इथं विचारायचं नाही रे, राजा. जाईल सवय."

तो 'राजा' ओफेलियाला टोचला.

डेल्फीन स्टॉकटन शहरातल्या एका दवाखान्यात कामाला होती. सुटून आलेल्या पोरांना डॉक्टरकडे न्यायचं, त्यांची कागदपत्रं, नोकरी बघायची. विशीत ती स्वतःही चार वर्षं आत होती आणि ते ती हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगे. एलिसेओ आईशी हो-नाही एवढंच बोले. डेल्फीनच्या गाडीत बसला की त्याचं हसू स्वयंपाकघरापर्यंत येई. त्याला झोप लागत नाही, हेही ओफेलियाला तिच्याकडूनच कळलं.

"दर रविवारी दोन बस बदलून भेटायला कोण जात होतं? ही बाई?" तिने बहिणीला फोनवर विचारलं.

"अगं, पण पोरगा सुधारतोय ना?"

"सुधारतोय. तिच्या हातून."

मंगळवारी एलिसेओची किडलेली दाढ काढायची होती. "दहाला येते न्यायला," डेल्फीनचा फोन आला.

"नको. मी सुट्टी घेतलीय," ओफेलियाने ठोकून दिलं. ती चेरी निवडायच्या कामाला होती, त्या शेडवर तिने आजारी असल्याचं कळवलं ते त्यानंतर.

"बरं. फक्त एक सांगायचं होतं..."

"आई आहे मी त्याची," म्हणून तिने फोन ठेवला.

दातांच्या दवाखान्यात एलिसेओ खुर्चीत आ वासून पडला. बाहेरून येणारे-जाणारे आत डोकावत होते. माझ्या पोराला लोकांनी असं का बघावं, असं वाटून ओफेलियाने हलकेच दार लावून घेतलं.

कडी वाजली आणि एलिसेओ उठला. हत्यारांचा ट्रे खाली पडला. भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात मागे बांधल्यासारखे धरून तो उभा राहिला.

"दुखलं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"डेल्फीन कुठंय?"

ओफेलियाने तिथेच उभ्याने फोन लावला.

डेल्फीनने पहिलं विचारलं, "दार बंद आहे का?"

"मीच लावलं."

"उघडा. सताड. आणि त्याला दिसाल अशा उभ्या राहा. हात धरायला जाऊ नका. मी निघालेच."

ओफेलियाने दार उघडलं आणि चौकटीत उभी राहिली. बऱ्याच वेळाने एलिसेओ खुर्चीत बसला. सुई टोचून झाल्यावर बधिर तोंडाने म्हणाला, "दार उघडायला तिनं सांगितलं ना, आई?"

मला ठाऊकच होतं, असं म्हणायला तिची जीभ वळवळली.

"हो. तिनंच."

त्याने मान हलवली, आईवरची नजर न काढता तोंड उघडलं. लोक अंग चोरून बाजूने जात होते, ती हलली नाही.

दाढ निघत होती तेव्हा डेल्फीन आली. दाराकडे न येता लांबच्या बाकावर, एलिसेओला दिसणार नाही अशी बसली. ती मुद्दाम मागे राहिलीय हे ओफेलियाला कळलं, आणि त्याचाही तिला रागच आला.