दोन ठोके, मग एक

भूत, भानामती, अंगात येणं... यातलं मला काही पटत नाही, हे आधीच सांगून टाकते. मी बावीस वर्षं राईस मिलमध्ये काढली. तिथं वेगळा आवाज आला की बेअरिंग पाहायचं, पट्टा पाहायचा — कारण सापडतंच. म्हणून हे लिहू की नको करत चार महिने गेले. शाळा माझी चौथीपर्यंत, पुढचं वाचत वाचत शिकले. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गोंदियाला लागून कुडव्याला आमचं घर. आता मी एकटीच असते. मिस्टर मिलमध्ये फिटर होते, मी कोंड्याच्या ब्लोअरच्या स्विचवर. त्या धडधडीत कानाशी बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून मिलची एक रीत होती. पाना घेऊन पाइपावर ठोकायचं. दोन ठोके, थोडं थांबून एक. म्हणजे — पंख्यात हात घालतोय, बंद करा. ऐकणाऱ्यानं आधी बंद करायचं, कोण आहे ते मागून विचारायचं.

एकदा मी आधी विचारलं. वाटलं, पाइप चेपला असंल, कोणी ठोकून त्याचा पोचा काढून राहिलं. वाकून ओरडले, "कोन हाय जी?" मिस्टरांनी ठोकून, माझ्या भरवशावर हात घातला होता. उजव्या हाताची दोन बोटं गेली. पुढं ते डाव्या हातानं ठोकायचे, तिसऱ्या ठोक्याला पाना घसरायचा — ठक्, ठक्... ठर्र. त्यावरून मला ते कधी एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. चार वर्षं झाली त्यांना जाऊन.

पोरगी मनीषा बेंगळुरूला. विमानाच्या इंजिनाच्या तोंडाशी जो पंखा असतो ना, त्याचा आवाज मोजायचं तिचं काम. खोलीला सगळीकडून फोमचे सुळके, आवाज भिंतीवर आपटून परत येतच नाही म्हणे. मधे पंखा, भोवती माइक. पंखा फिरताना आत कोणी नसतं, दार कुलूपबंद. ही शेजारच्या खोलीत हेडफोन लावून बसते. आवाज कमी कसा होईल, ते पाहतात. मी म्हटलं होतं, "आमचा ब्लोअर अर्ध्या गावाले ऐकू जाये, त्याले कोनी माइक नाही लावला बाई!"

दिवाळीनंतर ती न कळवता आली. दोन दिवस नुसती पडून. तिसऱ्या दिवशी दुपारी मी लाखोरीची डाळ निवडत होते, तर तिनं हेडफोन माझ्या कानाला लावले.

"आई, तुले ब्लोअर ऐकूनच समजे ना, काय बिघडलं ते? हे आमच्या पंख्याचं रेकॉर्डिंग ऐक."

घरघर. तिच्यात एक बारीक शिट्टी. मग... माझा हात थांबला. मी चमचा उचलला आणि डाळीच्या डब्यावर वाजवलं. ठक्, ठक्... ठर्र.

मनीषा पांढरी पडली. "आई, म्या तुले काहीच सांगतलं नव्हतं."

मग सांगितलं. पंखा पूर्ण वेगात होता. हिच्या कानात ते ठोके आले अन् हिनं काही विचार न करता बंद केलं. महिनाभराची तयारी वाया गेली. आत कोणी नाही. पंखा खोलला, एक बोल्ट ढिला नाही. रेकॉर्डिंग तपासलं, त्यात ठोका नाही. बाकी कोणाला ऐकूच आलं नाही. आता साहेबानं कारण लेखी मागितलं होतं.

"खरं लिवलं तर मले टेस्टवरून काढतीन. व्हायब्रेशन दिसलं म्हणून लिहू का?"

"बंद कायले केलं तू?"

"ठोके आले म्हणून. लहानपनी डबा घेऊन येत होती तवा तुमच्या मिलमधी एवढंच तर शिकली मी."

तिला वाटायचं, बोटं गेली तेव्हा बाबांनीच घाई केली होती. मी सांगितलं, "त्या दिवशी स्विचवर मी होती. ठोके ऐकले अन् विचारत बसली."

ती सूप आपल्याकडे ओढून डाळ निवडायला लागली.

कागदावर तिनं एकच ओळ लिहिली — ठोके ऐकू आले म्हणून बंद केलं. टेस्टवरून काढलंच. आता टेबलावर बसून दुसऱ्यांचे रिपोर्ट तपासते. रविवारी फोन येतो, आवाज थकलेला असतो. परवा म्हणाली, "आत कोनीच नव्हतं, आई. चुकलं का माह्यं?"

"नाही बाई. आधी बंद करायचं."

ते रेकॉर्डिंग माझ्या मोबाईलमध्ये आहे. कितीदा ऐकलं... नुसता पंखा. मिलच्या जुन्या फिटरलाही ऐकवलं. तो म्हणतो, "वहिनी, पंखा तं एकदम ठीक हाय." त्या दुपारी मात्र मी ते ठोके ऐकले होते. कोण होतं ते मागूनही कळलं नाही.

पण पोरीनं बंद वेळेवर केलं.