घाटातली टिकटिक

अशी जवळ ये गं बाई. कागदावर लिहितेय म्हणून काय झालं, माझ्या पलंगाच्या कडेला बसल्यासारखं वाच. रागावलेय मी तुझ्यावर. दर रविवारी फोनवर तुझं एकच, "काही नाही आजी, सगळं बरं आहे." आणि आवाज असा, की घशात बोराची आठोळी अडकलीय. आपल्या माणसाला त्रास नको म्हणून गप्प राहायचं, हे मोठं शहाणपण वाटतं ना तुला? मलाही वाटलं होतं एकदा. अजून कुणाला सांगितलं नाही, तुलाच सांगते.

तू पाहिलेस ते आजोबा सायकलींचे पंक्चर काढणारे. मी लग्न होऊन आले तेव्हा ते इंजिनचे मिस्तरी होते. तळेगावला, आष्टीकडे रस्ता फुटतो तिथे, आमचं टिनाचं शेड होतं. नागपूर-अमरावती करणारे ट्रकवाले त्यांच्यासाठी मुद्दाम थांबायचे. लोक म्हणत, हा मिस्तरी नुसता आवाज ऐकून इंजिनचं दुखणं सांगतो. आणि खरी गोष्ट अशी, की त्यांना धड ऐकूच येत नव्हतं. आधी कापसाच्या जिनिंगच्या इंजिनघरात बरीच वर्षं काढलेली, त्यात बारीक आवाज सगळे गेले. मग लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ दातांत धरायची, आणि हाडातून ऐकायचं. गिऱ्हाइकाला वाटे ही काही विद्या आहे. मला तिसऱ्या महिन्यात कळलं. मागून हाक मारली तर हे कधी वळायचे नाहीत. मानी नवरा पदरी पडला म्हणून मी तोवर दोनदा रडून घेतलं होतं.

एकोणीसशे पन्नासनंतरची पाच-सहा वर्षं झाली असतील. आर्वीच्या एका जिनवाल्याचा मुलगा आपली उघडी विलायती मोटार घेऊन आला. आम्ही त्याला छोटे मालक म्हणायचो. त्याची मित्राशी पैज लागली होती, कारंज्याकडचा घाट कोणाची मोटार आधी चढते. म्हणाला, "मिस्तरी, चढावर उडाली पायजे!"

हे खूश. रात्री भाकरीवर ठेचा ठेवून मला समजावलं, "हे पाय, पिस्टन वर येते अन् हवा-पेट्रोल दाबते. आता सहा वाटे माल दाबून एक वाटा होते. आपण आठाचा एक करू. जेवढं दाबून पेटन, तेवढा जोर." म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, हेड म्हणतात त्याला, ते खालून छिलून पातळ करायचं, की दाबायची जागा लहान होते.

नागपूरच्या एका मशीनवर हेड छिलून आणलं. मग जाड काचेवर ते दोन दिवस हातानं घासलं. हेडच्या प्रत्येक खळग्यात किती घासलेट मावतं ते सुई काढलेल्या इंजेक्शनच्या पिचकारीनं मी मोजायची, कारण माझा हात हलत नसे. सगळे खळगे सारखे हवेत, एकात थेंबभर कमी भरलं तरी पुन्हा घासणं. पिस्टन वर हेडला तर लागत नाही ना, हे पाहायला कणकेचा गोळा आत ठेवून हेड आवळायचं, इंजिन हातानं फिरवायचं, आणि उघडून दबलेल्या कणकेची जाडी पाहायची. मी आधी ज्वारीचं पीठ दिलं, ते चिरलं. मग सणासाठी जपून ठेवलेले गहू दळले. हे म्हणाले, "तुह्या पोळीपेक्षा पातळ झालं की मेलो आपण." मी म्हटलं, "मंग चिंता नाई, माही पोळी जाडच असते."

पण दाब वाढला की साधं पेट्रोल वेळेआधी भडकतं. चढावर, जोर लागला की, इंजिनात टिकटिक होते, कढईत फुटाणे फुटावे तशी. ती चालू राहिली तर पिस्टन जळतं. आणि हा आवाज मोटार चढावर पळतानाच येतो. स्टेअरिंग हातात धरून दातांत पेचकस कसा धरणार? म्हणून मागच्या सीटवर मी. टिकटिक आली की त्यांच्या खांद्यावर टिचकी मारायची. घाटातल्या देवीचा नवस आहे असं लोकांना सांगायचं ठरलं. माझ्या मांडीवर नारळ.

पहिल्या फेरीत दोनदा टिचकी मारली. खाली उतरून त्यांनी विचारलं, "काय ऐकू येते?" आणि ठिणगी जरा उशिरा पडेल असं केलं. दुसऱ्या फेरीत आवाज साफ. तिसऱ्या फेरीला छोटे मालक स्वतः आले, पुढे बसले. उन्हाळा लागलेला, दुपारची वेळ, डांबर मऊ झालेलं. मला म्हणाले, "काकू, देवी किती नारळ मांगते हो? का तोच नारळ फिरवून राह्यल्या?" मी पदर ओढून हसले.

मोटार खरंच उडाली. अवघड वळणावर छोटे मालक ओरडले, "मिस्तरी, तुमच्यासारखा कान अख्ख्या जिल्ह्यात नाई!" ओठ पाहून यांना ते कळलं. मान किंचित ताठ झाली.

आणि तेव्हाच मला ती ऐकू आली. बारीक. टिक टिक टिक.

हात उचलला होता गं मी. पण टिचकी मारली असती तर शेजारच्या माणसाला कळलं असतं की कान यांचे नाहीत, मागे बसलेल्या बाईचे आहेत. हात नारळावर ठेवला. म्हटलं, घरी गेल्यावर सांगू. पण शेडवर उतरताच छोट्या मालकांनी मोटार आर्वीला नेली. रात्री हे पोटभर जेवले. म्हणाले, "आज मी मिस्तरी झालो." मग कशी सांगणार?

पैजेच्या दिवशी मोटार अर्ध्या घाटात धूर सोडून बंद पडली. बैल जुंपून शेडवर आणली. यांनी हेड उघडलं. एका पिस्टनला आरपार भोक, आणि बाकीच्यांच्या कडा मुंग्यांनी कुरतडलेल्या गुळासारख्या. बराच वेळ त्यावर बोट फिरवत राहिले.

"हे एका दिवसाचं नाई," म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. "तुले ऐकू आलं होतं?"

मी म्हणाले, "नाई."

ते उठले, हात पुसले आणि छोट्या मालकांना सर्वांसमोर म्हणाले, "मालक, चूक माही हाय. मले ऐकू येत नाई."

जे झाकायला मी गप्प राहिले, ते त्यांनी एका वाक्यात उघडं केलं. माझं खोटं त्यांना खरं वाटलं, की मला पाठीशी घातलं, आजवर मला कळलं नाही. त्यानंतर ट्रक थांबेनासे झाले. पेचकस आढ्यात खोचला गेला तो कायमचा. त्यांनी पुन्हा कधी मला विचारलं नाही, "काय ऐकू येते?" तेच सगळ्यात जास्त लागलं.

शेवटच्या आजारपणात सांगावंसं फार वाटलं. पण तोवर कान पुरते गेलेले. सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं, आणि शेजारीपाजारी दारात बसलेले. मी नुसता खांद्यावर हात ठेवला. हळूच टिचकी मारली. त्यांनी डोळे उघडले, पुन्हा मिटले.

आता माझेही बारीक आवाज चाललेत. फोनमध्ये तुझं अर्धं हरवतं, आणि जे हरवतं तेच तू लपवतेस. तेव्हा हे वाचलंस की ये. रजा मिळेल, नाही मिळेल, करत बसू नकोस. जे झालंय ते माझ्या कानाजवळ येऊन बोल, अजून ऐकू येतंय तोवर. लवकर येजो, बाई.