मागची सीट

जुनी गाडी बदलायची म्हणून मी लातूरच्या एका शोरूममध्ये गेलो होतो. लांबच्या प्रवासाच्या दोन मोटारसायकलींत माझं घोडं अडलं होतं. मायलेज, टाकी, टायर सगळं घोकून झालं होतं. तेवढ्यात साठीतलं एक जोडपं त्याच दोन गाड्या बघायला आलं.

काका इंजिनात डोकं घालून बसले. काकूंनी मात्र पदर खोचला, काकांना पुढं बसवलं आणि दोन्हीकडं पाय टाकून ऐटीत मागं बसल्या. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, काकांच्या खांद्यावरून पुढं बघितलं. दुसऱ्या गाडीवरही तेच.

"हीच घ्या," मागची सीट उंच असलेल्या गाडीवरून उतरत त्या म्हणाल्या.

"काकू, हिला पॉवर कमी हाय," सेल्समन म्हणाला.

"ते ह्यान्ला सांगा. ह्यान्ला निस्ता रस्ता दिसतो. मुलूख तर मीच बघते. कन्याकुमारीपस्तोर बघत गेले."

काका हसले आणि त्यांनी जास्त पॉवरच्या गाडीवरचा हात काढून घेतला.

ते गेल्यावर सेल्समन माझ्याकडं वळला. मी त्याला उंच सीटच्या गाडीवर पुढं बसवलं आणि स्वतः मागं चढलो. त्याच्या डोक्यावरून, काचेपलीकडचा औसा रोड पार वळणापर्यंत दिसत होता.